फू-मांङ : अक्षरं विसरून परत येणाऱ्यांची गोष्ट

आजचा भाग इतिहासाचाच आहे, पण सुरुवात माझ्या फजितीपासून करतो. ती झाली नसती तर हा भागही झाला नसता.

माझ्या सीव्हीवर कॉलेजपासून एक ओळ होती. भाषा : मराठी, हिंदी, इंग्रजी, चिनी (मध्यम पातळी). इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असताना पुण्यात दर रविवारी मी चिनीच्या क्लासला जायचो. एचएसके नावाची चीनची सरकारी भाषापरीक्षा असते, तिची दुसरी पातळी पास झालो. तेव्हा त्या पातळीला ३०० शब्द पुरायचे. मग प्लेसमेंट आली, नोकरी आली, क्लास सुटला. ओळ मात्र तशीच राहिली. सीव्ही कोण इतका बारकाईने वाचतं?

वाचतात. गेल्या वर्षी एका बोर्डाच्या फर्मवेअरवर आमचं काम चालू होतं, आणि बोर्ड शेन्झेनला बनत होता. व्हिडिओ कॉलवर सगळे जमलेले. मॅनेजर म्हणाले, "अरे, तुला चायनीज येतं ना? बोल की दोन शब्द, त्यांना बरं वाटेल." मी म्हणालो, "नी हाव." पलीकडचा इंजिनीअर इतका खूश झाला की अर्धा मिनिट थांबलाच नाही. मला त्यातला एकच शब्द कळला, शेन्झेन. मी नुसता हसलो. त्याच्या लक्षात आलं. तोही हसला आणि अगदी सभ्यपणे इंग्रजीत सुरू झाला. तो चिडला असता तर कमी लागलं असतं.

महिन्याभरात मी परत क्लासला नाव घातलं. वय वर्षं २८. बाकी बहुतेक मुलं एकोणीस-वीसची, मला 'दादा' म्हणतात. पहिल्याच रविवारी मॅडमनी दहा शब्दांचं श्रुतलेखन घेतलं. मला तीन आले. त्यातला एक 'एक' होता, म्हणजे नुसती आडवी रेघ. वही परत देताना मॅडम म्हणाल्या, "काही हरकत नाही. तू फू-मांङ आहेस. चीनमध्ये असे कोट्यवधी होऊन गेले."

घरी येऊन मी हा शब्द शोधला आणि त्यातच अडकलो. आजचा भाग म्हणजे ते अडकणं आहे.

चिनीत 'मांङ' म्हणजे आंधळा. 'वन्-मांङ' म्हणजे अक्षरांच्या बाबतीत आंधळा, आपण निरक्षर म्हणतो तो. निरक्षरता घालवण्याच्या मोहिमेला 'साव-मांङ' म्हणतात. 'साव' म्हणजे झाडून काढणं, आपल्याकडे केर काढतात तसं. आणि 'फू' म्हणजे पुन्हा. शिकला, साक्षर झाला, आणि पुन्हा आंधळा झाला, तो फू-मांङ. विसरण्यासाठी सरकारी कागदपत्रांत वेगळा शब्द लागावा, म्हणजे किती जण विसरले असतील बघा.

१९४९ साली माओंचं सरकार आलं तेव्हा चीनमधली साधारण ८० टक्के माणसं निरक्षर होती. आपल्या देशाची अवस्था त्या वेळी फार वेगळी नव्हती. पण एक मोठा फरक होता. आपल्याकडे प्रौढ साक्षरतेच्या वर्गात एखादी आजी बाराखडी शिकली की तत्त्वतः ती कुठलाही मराठी शब्द उच्चारून वाचू शकते. अडखळेल, पण पोचेल. चिनीत हा जिना नाहीच. प्रत्येक अक्षर स्वतंत्र ओळखावं लागतं. पुढे चीनच्या नियमांत साक्षरतेची रेघ ठरली ती अशी : खेड्यातल्या माणसाला १५०० अक्षरं, शहरातल्याला २०००. आपण ५० अक्षरांचा तक्ता भिंतीवर लावतो. तिथे दीड हजारांचा पाढा, आणि पाठ करणारा माणूस दिवसभर शेतात राबून आलेला.

मग एक सैनिकी शिक्षक पुढे आला, छी च्येनह्वा. त्याने 'झटपट अक्षरओळख' पद्धत काढली. आधी उच्चार दाखवणारी सदतीसेक साधी चिन्हं शिकवायची. ही चिन्हं १९१८ सालीच जाहीर झाली होती आणि तैवानमध्ये आजही मुलांना शिकवतात. या चिन्हांना तो कुबडी म्हणायचा. कुबडी हातात आली की तिच्या आधाराने काही आठवड्यांत दीड-दोन हजार अक्षरं भराभर घालायची. सैनिकांवर प्रयोग झाला, आकडे डोळे दिपवणारे आले, आणि १९५२ मध्ये हीच पद्धत देशभर लागू करायचं फर्मान सुटलं. गावोगावी वर्ग, कारखान्यांत वर्ग. थंडीत शेतीची कामं थांबली की 'हिवाळी शाळा'.

आणि वर्षभरात कळलं की लोक विसरताहेत. नुसतं एखाद-दुसरं अक्षर नव्हे, ढिगाने. या विसरण्याला तिकडे 'ह्वेइ-शंङ' म्हणतात. शब्दशः, पुन्हा कच्चं होणं. शिजवलेलं परत कच्चं झालं! स्वयंपाकघरात हे शक्य नाही, डोक्यात आहे. कारण अगदी साधं होतं. वर्ग संपला की शेतकरी घरी जायचा, आणि घरात वाचायला एक चिठोरंही नसायचं. ना पेपर, ना पत्र, ना दुकानाची पाटी. वापर नाही म्हणून अक्षरं निघून गेली. आम्ही ज्याला कॅश म्हणतो त्यात हेच होतं, बराच वेळ कोणी मागितलं नाही की ते पहिलं बाहेर जातं. १९५३ मध्ये मोहिमेचा वेग कमी करावा लागला.

हे वाचून मला, खरं सांगतो, थोडं हलकं वाटलं. माझ्या तीनशे शब्दांचं काय झालं ते कळलं. आपण मात्र 'वय झालं, आता डोक्यात बसत नाही' म्हणतो. चीनमधल्या पंचविशीतल्या शेतकऱ्यांचंही हेच झालं होतं. वय हा त्यातला सगळ्यात छोटा भाग होता.

आता या गोष्टीत एक भारी माणूस येतो. चौ यौग्वांग. जन्म १९०६. शिक्षण आणि नोकरी अर्थशास्त्र आणि बँकेची. चिनी बँकेच्या कामासाठी न्यूयॉर्कला राहून आला, १९४९ ला मायदेशी परतला, शांघायमध्ये अर्थशास्त्राचा प्राध्यापक झाला. भाषाशास्त्र हा त्याचा छंद. आपल्यापैकी कोणी शनिवार-रविवार गिटार वाजवतं, तसा. १९५५ मध्ये लिपी सुधारण्याच्या परिषदेसाठी त्याला बीजिंगला बोलावलं, आणि परिषद संपल्यावर तिथेच ठेवून घेतलं. तो म्हणत होता की मी या विषयातला हौशी माणूस आहे. वय ४९. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्याने करिअर बदललं, आणि बदलताना पगारवाढीचा विचार केल्याची कुठे नोंद नाही!

त्याच्या समितीने तीन वर्षं घासून जे तयार केलं ते म्हणजे पिनयिन. चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची पद्धत, ११ फेब्रुवारी १९५८ ला मंजूर झाली. चौ नंतर सांगायचे की लोक आमची चेष्टा करायचे, सव्वीस अक्षरांसाठी तीन वर्षं?

इथे एक गैरसमज काढतो, कारण मीही तो दहा वर्षं बाळगला होता. मला वाटायचं पिनयिन आपल्यासारख्या परदेशी लोकांसाठी काढलंय. नाही. ते मुळात चिनी माणसांसाठी आहे : शाळेतल्या मुलांसाठी, आणि अक्षर न ओळखणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. छी च्येनह्वाच्या कुबडीचीच ही पुढची आवृत्ती. आपण परदेशी विद्यार्थी त्या शेतकऱ्यांच्या बाकावर, त्यांच्या शेजारी बसलोय, एवढंच.

आणि या रोमन अक्षरांनी मराठी माणसाचा एक तोटा केलाय, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. पिनयिनमधला 'बी' म्हणजे आपला ब नव्हे. तो प आहे. आणि तिथला 'पी' म्हणजे आपला फ, पण ओठ दाबून सोडलेला, प-ह. 'डी' म्हणजे त, 'टी' म्हणजे थ. 'जी' म्हणजे क, 'के' म्हणजे ख. इंग्रजाला हे ऐकू येत नाही, आपल्याला येतं, कारण प-फ, त-थ, क-ख हा फरक आपण पहिलीत शिकतो. बीजिंगचा खरा उच्चार आपल्या कानाला 'पेइचिंग'च्या जवळचा आहे. आणि पिनयिनमधला 'झेड'? तो चक्क आपल्या 'चोर'मधला च. पहिल्या वेळी क्लासमध्ये मला हे कोणी सांगितलं नव्हतं. इंग्रजी अक्षरं बघून इंग्रजी उच्चार करत दोन वर्षं घालवली. आता वहीत प्रत्येक शब्दाखाली देवनागरी लिहितो. शेजारची मुलगी म्हणाली, "दादा, हे चीटिंग आहे." असू दे.

सूर मात्र आपल्याकडे नाहीत. तिथे सूट मिळत नाही. 'माय' हा शब्द आवाज खाली नेऊन वर आणला तर विकत घेणं, आणि वरून झटकन खाली पाडला तर विकणं. आपल्यासाठी दोन्ही आईच.

बरं. आता ज्यासाठी हा भाग करावासा वाटला, तिकडे येतो. माझं आजोळ सोलापूर. भैय्या चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे. लहानपणी मामाबरोबर तिथून गेलो की तो सांगायचा, "हे चीनला गेले आणि तिथेच राहिले." एवढीच माहिती. पुढे शाळेत धडा, मग कधीतरी टीव्हीवर व्ही. शांतारामांचा सिनेमा, १९४६ चा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी'. स्वतः शांताराम कोटणीस झालेत, जयश्री त्यांची चिनी बायको. सिनेमा म्हणून उत्तमच. पण त्यात सगळे हिंदी बोलतात. चिनी सैनिक हिंदी, चिनी नर्स हिंदी. सिनेमाची ती सोयच असते, तक्रार नाही. पण त्यामुळे एक प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांना कधी पडलाच नाही : हा माणूस तिथे कुठल्या भाषेत बोलत होता?

जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून डॉक्टर. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठा हल्ला केला, तेव्हा चिनी सेनापती जू द यांनी नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली. पुढच्या वर्षी सुभाषचंद्र बोस काँग्रेसचे अध्यक्ष असताना पाच डॉक्टरांचं पथक निघालं : अटल, नागपूरचे चोळकर, कोटणीस, बसू आणि मुखर्जी. १ सप्टेंबर १९३८ ला मुंबईहून बोट सुटली, त्याच महिन्यात ते कँटनला उतरले. चीनमध्ये पाऊल ठेवल्यावर काही आठवड्यांनी कोटणीसांना २८ वं लागलं.

म्हणजे माझंच वय. फरक असा, की मला रविवारी क्लास असतो आणि त्यांच्यासमोर खाटेवर माणूस होता.

पाचही डॉक्टरांना चिनी नावं मिळाली. प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी 'ह्वा'. ह्वा म्हणजे चीन. कोटणीसांचं नाव ख तीह्वा. 'कोटणीस'मधला 'को' चिनी तोंडात 'ख' झाला आणि 'ट'चा 'ती'. तिथल्या शाळकरी मुलांना विचारलंत तर कोटणीस ठाऊक नसतील, ख तीह्वा असतील.

१९३९ च्या फेब्रुवारीत पथक येनानला पोचलं. कम्युनिस्टांचं मुख्य ठाणं, डोंगरात कोरलेल्या गुहांचं गाव. तिथे काही महिने आठव्या रूट आर्मीच्या इस्पितळात काम केलं. पथकातले एकेक जण परत जात होते. चोळकर आणि मुखर्जी आधी गेले, मग अटल. कोटणीस मात्र पुढे सरकले, आघाडीच्या भागात, आजच्या होपेइ प्रांतातल्या खेड्यांत. नॉर्मन बेथ्यून हा कॅनडाचा प्रसिद्ध सर्जन तिथेच काम करताना नोव्हेंबर १९३९ मध्ये गेला होता. त्याच्या नावाने तिथे वैद्यकीय शाळा आणि इस्पितळ चालू झालं. कोटणीस तिथे शिकवू लागले, आणि जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता इस्पितळाचे संचालक झाले.

आता जरा थांबून या जागेचा विचार करा. सर्जरी करायला भाषा कमी लागते, हे एकवेळ मान्य. जखम दिसते, हाड दिसतं. पण सर्जरीच्या आधी विचारावं लागतं, 'नार थङ?' कुठे दुखतंय? कधीपासून? आणि उत्तर देणारा खेडूत बीजिंगच्या रेडिओसारखं थोडाच बोलणार! तो त्याच्या गावचं बोलणार, वर कण्हत बोलणार. त्यानंतर वर्गात जाऊन शिकवायचं. समोरची पोरं खेड्यातून सैन्यात आलेली, त्यातल्या अनेकांचं शालेय शिक्षणच जेमतेम. त्यांना इंग्रजी येण्याचा प्रश्न नाही. धमनी, शीर, पू, टाका हे सगळं चिनीत सांगायचं. कोटणीस वर्गात चिनीतून शिकवत. चीनमध्ये उतरल्यापासून दोन-तीन वर्षांत इथवर आले होते. पिनयिन यायला अजून १६-१७ वर्षं होती, अक्षरं सोपी व्हायची होती, डिक्शनरीचं अ‍ॅप तर सोडाच.

मला हे त्यांच्या शस्त्रक्रियांच्या आकड्यांपेक्षा मोठं वाटतं. आपल्या धड्यांत आणि भाषणांत त्याग येतो, रक्त येतं, मैत्री येते. वही येत नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी एक डॉक्टर माणूस, जो आपल्या भाषेत हुशार म्हणून ओळखला जातो, तो पहिलीतल्या पोरासारखा चुकीचं बोलायला तयार होतो, रोज, चारचौघांत. मोठ्या वयात भाषा शिकताना सगळ्यात जड हेच जातं. अक्षरं नंतर. त्या व्हिडिओ कॉलनंतर मला ते नेमकं कळलं. मी चुकलो नव्हतो, मी बोललोच नव्हतो.

त्याच शाळेत क्वो छिंगलान नर्सिंग शिकवत होत्या. २५ नोव्हेंबर १९४१ ला दोघांचं लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं यिनह्वा. 'यिन' म्हणजे भारत, 'ह्वा' म्हणजे चीन. हे नाव सेनापती न्ये रोंगचन यांनी सुचवलं. मूल साडेतीन महिन्यांचं असताना, ९ डिसेंबर १९४२ ला, फिट येऊन कोटणीस गेले. वय ३२. सीव्हीत लिहायचं तर चिनीचा अनुभव चार वर्षं.

एक छोटं वळण घेतो, कारण ते पुण्याचं आहे आणि त्याच काळातलं आहे. कोटणीस बोटीत बसले त्याच्या आदल्या वर्षी, १९३७ मध्ये, फर्ग्युसन कॉलेजातले पालीचे प्राध्यापक पु. वि. बापट यांनी पुण्यातून एक ग्रंथ प्रसिद्ध केला. 'विमुत्तिमग्ग' नावाचा जुना बौद्ध ग्रंथ आहे. तो सहाव्या शतकातल्या चिनी भाषांतरात टिकून राहिला. बापटांनी ते चिनी वाचून त्याची पालीतल्या 'विसुद्धिमग्ग'शी ताडून तुलना केली. तेव्हा वय ४३. आणि १९७० मध्ये, म्हणजे ७६ व्या वर्षी, जपानी अभ्यासक अकिरा हिराकावा यांच्यासोबत त्यांनी विनयावरच्या एका चिनी ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद भांडारकर संस्थेतून काढला. दोन पुस्तकांमध्ये ३३ वर्षं. डेक्कनच्या त्या गल्ल्यांतून क्लासला जाताना हल्ली मला बापट आठवतात. त्यांच्यासमोर खाटेवर पेशंट नव्हता. पण त्यांनाही गरज होती : हवा तो मजकूर दुसऱ्या कुठल्या भाषेत जाऊन मिळणार नव्हता.

परत चीनकडे. कोटणीस येनान सोडून गेल्यावर, १९४० च्या अखेरीला, तिथे एक वेगळाच प्रयोग चालू झाला. चिनी भाषा सरळ रोमन अक्षरांत लिहायची, सूर न दाखवता, आणि हिवाळी शाळांत शेतकऱ्यांना तीच शिकवायची. तिथल्या सरकारने या लिपीला कायदेशीर मान्यताही दिली. ही पद्धत सोव्हिएत रशियात राहणाऱ्या चिनी कामगारांसाठी तयार झाली होती. चौ यौग्वांग तरुणपणी तिचेच समर्थक. प्रयोग फार वर्षं टिकला नाही, पण पिनयिनच्या पत्रिकेत तिचं नाव आहेच.

चौंचं पुढे काय झालं? १९५७ मध्ये सरकारने 'उजव्या' विचारांच्या लोकांवर मोहीम काढली, त्यात शांघायमधले त्यांचे अर्थशास्त्रज्ञ सहकारी सापडले. चौ भाषेच्या खात्यात गेले होते म्हणून वाचले. सांस्कृतिक क्रांतीत मात्र नाही वाचले, निंगशियाला श्रमछावणीत पाठवलं गेलं. तिथून परतले, ऐंशीच्या दशकात एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या चिनी आवृत्तीवर काम केलं, पुस्तकं लिहीत राहिले. सरकारवर टीका करत राहिले, त्यामुळे त्यांची काही पुस्तकं चीनमध्ये अडवली गेली. १४ जानेवारी २०१७ ला गेले, १११ वा वाढदिवस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी.

आणि त्यांच्या पिनयिनने शेवटी काय केलं, ते तुमच्या हातात आहे. म्हणजे खरोखर हातात, फोनमध्ये. आज चीनमधले बहुतेक लोक फोनवर पिनयिन टाइप करतात. रोमन अक्षरं टाकायची, खाली चिनी अक्षरांची रांग येते, अंगठ्याने निवडायचं. अक्षर ओळखता आलं की पुरे, हाताने काढता यायची गरज नाही. त्यामुळे काय झालं? पदवीधर, चांगली शिकलेली माणसं पेन हातात घेतात आणि अडतात. याला म्हण आहे, 'थी-पी-वांङ-त्स' : पेन उचललं, अक्षर विसरलं. २०१३ मध्ये तिथल्या सरकारी टीव्हीवर शाळकरी मुलांची अक्षरलेखनाची स्पर्धा सुरू झाली, आपल्या गाण्यांच्या स्पर्धांसारखी लोकप्रिय झाली. त्यात बेडकाच्या एका जातीचं, 'लाय-हामा'चं, नाव विचारलं, तर प्रेक्षकांत बसलेल्या बहुतेक मोठ्या माणसांना लिहिता आलं नाही. देशभर चर्चा. शेतकऱ्यांसाठी काढलेली कुबडी, आता डॉक्टर-इंजिनीअरही तिच्यावरच चालतात.

यावर तिकडचे अनेक जण गळे काढतात, संस्कृती बुडाली वगैरे. मला ते पटत नाही. मी स्वतः शेवटचं मराठी पत्र हाताने कधी लिहिलं ते आठवत नाही, म्हणून मी मराठीतून बाहेर पडलो असं नाही. पण एक कबूल करतो. क्लासमध्ये मॅडम फोन बाजूला ठेवायला लावतात, आणि जी अक्षरं मी हाताने वीस-वीस वेळा काढली तीच टिकलीत. अ‍ॅपवर हिरवी टिक मिळवलेली बरीचशी गेली. पहिल्या वेळी मी अ‍ॅपवरच जास्त शिकलो होतो, रोजचा स्ट्रीक सांभाळत. दोनशे दिवसांचा स्ट्रीक होता. स्ट्रीक तुटला त्या दिवशी वाईट वाटलं, भाषा तुटली ते कळलंही नाही.

आता सध्याची स्थिती. सहा महिने झाले. श्रुतलेखनात दहापैकी सहा-सात येतात. शेन्झेनच्या त्या इंजिनीअरला मी एका कॉलच्या आधी मेसेज केला, चिनीत, दोन ओळी, की मागच्या वेळी तुम्ही काय म्हणालात ते मला कळलं नव्हतं, पुन्हा सांगाल का, हळू. त्याने उत्तर पाठवलं. तो म्हणाला होता की शेन्झेनला आलात तर घरी जेवायला या, माझी आई चांगला स्वयंपाक करते. अर्ध्या मिनिटाचं सगळं ते होतं. मी त्यावर नुसता हसलो होतो.

सीव्हीवरची ओळ बदलली आहे. चिनी : शिकतो आहे.

मॅडमनी परवा गृहपाठ दिला, आपल्याला महत्त्वाचं वाटणारं एक नाव लिहायला शिकून या. बाकीच्यांनी स्वतःची नावं आणली, एकाने एका क्रिकेटपटूचं. मी 'यिनह्वा' घेतलं. 'यिन'ला पाच रेघा. 'ह्वा'ला सहा, १९५६ मध्ये अक्षरं सोपी केली त्यानंतरच्या रूपात. १९४२ मध्ये त्या बाळाचं नाव लिहिलं गेलं तेव्हा ह्वा बराच गच्च होता. मी अकरा रेघांचं काढलं, न बघता. मॅडमनी चष्मा वर केला, वही जवळ घेतली आणि 'यिन'च्या डाव्या बाजूला लाल पेनने एक रेघ टाकली. राहिली होती.